देण्याचे कागद : देवाच्या वावराची हकीकत



दिंडीला शंभर वर्षे झाली, स्मरणिका निघणार आहे, तर तुम्ही देवाच्या वावराचा इतिहास लिहून द्या, असे मंडळींनी मला सांगितले. मी चौथी शिकलेला कास्तकार माणूस. कीर्तनाला उभा राहिलो तर दोन तास बोलतो, पण कागद समोर आला की हात जड होतो. तरी हे वावर कागदापायी जाता जाता राहिले आणि ती धावपळ म्या स्वतः केली, म्हणून लिहितो. चूकभूल पदरात घ्यावी.

नाल्याच्या अंगाला, पांदणीला लागून ३ एकर २० गुंठ्यांचे जे वावर आहे, त्याला गावात लहानथोर सगळे देवाचे वावर म्हणतात. आषाढीला दिंडी निघते त्या दिवशीची पंगत आणि वाटेवरच्या शिध्याचा पुष्कळसा भार याच वावरावर. पूर्वी ज्वारीची पोती यायची, आता ठोक्याचे पैसे येतात. लहानपणी म्या वडिलांना विचारले होते, "बाबा, या वावराचा कागद कुठं हाये?" वडील दिंडीचे विणेकरी. ते म्हणाले, "देवाच्या नावाले कागद कायले लागते बापा?" मला ते बोलणे मोठे गोड वाटले. पुढे कितीक वर्षे मी कीर्तनातही तेच सांगायचो. आता सांगत नाही.

कारण आपल्या जुन्या लोकांचा विचार असा नव्हता. देवाला दिलेले दान लिहून ठेवावे हे त्यांना चांगले ठाऊक होते. पंढरपूरला विठ्ठल मंदिरात चौऱ्यांशीचा शिळालेख आहे. त्या दगडाला पाठ घासली की चौऱ्यांशी लक्ष योनींचा फेरा चुकतो, असे म्हणून वारकरी पिढ्यान्‌पिढ्या तिथे पाठ घासत आले. पण त्या दगडावर लिहिले काय आहे? शके ११९५ ते ११९९, म्हणजे सन १२७३ ते १२७७ या काळात देवाला कोणी काय दिले, त्याची ती नोंद आहे. यादव राजा रामदेवराव आणि त्याचा प्रधान हेमाद्री यांच्या वेळचा तो लेख. ज्ञानोबा माउलींच्या बालपणीचाच तो काळ. आपण त्याला पाठ लावली, पण वाचला नाही.

आपल्या वाशीमची गोष्ट तर याच्याही मागची. वाशीम म्हणजे जुने वत्सगुल्म, वाकाटक राजांची राजधानी. इथे १९३९ साली तांब्याचे पत्रे सापडले. ते विंध्यशक्ती दुसरा या राजाचे दानपत्र निघाले. आपल्या राज्याच्या ३७ व्या वर्षी त्याने नांदेडकडचे एक गाव ब्राह्मणांना दान दिले, ते त्यावर कोरलेले आहे. वंशावळीचा भाग संस्कृतात आणि बाकीचा प्राकृतात. सोळाशे वर्षे झाली, राजा गेला, राज्य गेले, पण कोणी कोणाला काय दिले ते अजून वाचता येते. कोकणात आणि इतर मुलखात दानाचे दगड उभे करत, त्यावर सूर्य-चंद्र कोरत. सूर्य-चंद्र आहेत तोवर हे दान चालावे असा त्याचा अर्थ. आणि दान मोडणाऱ्याला शिवी म्हणून खाली गाढवाचे चित्र काढत. त्याला गधेगाळ म्हणतात. म्हणजे पुढच्या पिढीची नियत फिरू शकते, हे त्यांना आधीच माहीत होते.

आता आपल्या वऱ्हाडाचे. १८५३ साली निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात दिले. १८६१ च्या सुमारास मुंबई इलाख्याच्या पद्धतीने वावरावावराची मोजणी सुरू झाली. धुऱ्याला दगड लागले, सर्वे नंबर पडले, पटवाऱ्याच्या दप्तरात खातेदाराचे नाव चढले. तेव्हापासून जमिनीचे दोन कागद वेगळे झाले, आणि घोळ इथेच होतो. एक कागद मालकी देण्याचा, जसे खरेदीखत किंवा बक्षीसपत्र. हा रजिस्टर कचेरीत नोंदवावा लागतो. स्थावराचे बक्षीसपत्र तर नोंदणीशिवाय आणि दोन साक्षीदारांशिवाय होतच नाही. दुसरा कागद सरकारी दप्तराचा. त्यात सारा कोणी भरायचा, वहिती कोणाची, हे लिहिलेले असते. आज आपण ज्याला सातबारा म्हणतो तो हाच, गाव नमुना सात आणि गाव नमुना बारा मिळून. पहिला कागद झाला म्हणून दुसरा आपोआप होत नव्हता. पटवाऱ्याकडे जाऊन फेरफार घ्यावा लागे.

आपल्या वावराचे असे झाले. दिंडी सुरू झाल्यावर दहा-बारा वर्षांनी गावातल्या एका विधवा आजीने हे वावर पांडुरंगाला दिले. त्यांच्या घरच्यांच्या इच्छेवरून नाव लिहीत नाही. कागद रजिस्टर झाला, पंगत बसली, सगळ्यांना आनंद झाला. पण पटवाऱ्याकडे कोणी गेलेच नाही. आजीच्याच घरचे लोक ते वावर वाहत आणि दिंडीला ज्वारी देत. सारा तेच भरत. त्यामुळे उणे काय राहिले ते कोणाच्या ध्यानात आले नाही.

पुढे १९५४-५५ साली, आपण मध्यप्रदेशात होतो तेव्हा, नवे अधिकार अभिलेख लिहिले गेले. त्यात आजीच्या मुलाचे नाव लागले. नंतर वारस फेरफार झाले, नातू लागला, पणतू लागला. सर्वे नंबर जाऊन गट नंबर आला. एकर-गुंठे जाऊन हेक्टर-आर आले, ३ एकर २० गुंठ्यांचे १ हेक्टर ४२ आर झाले. मग सातबारा संगणकावर गेला. कागद नवा व्हायचा, पण राहिलेली नोंद तशीच राहायची.

समृद्धी महामार्ग आपल्या जिल्ह्यातून जाणार असे ठरले आणि जमिनीचे भाव चढले. तेव्हा कानावर आले की देवाच्या वावराचा सौदा चालू आहे. मी त्या पणतूच्या घरी गेलो. पोरगा वाईट नाही. सोसायटीचे कर्ज अंगावर, बहिणीचे लग्न व्हायचे. तो म्हणाला, "महाराज, सातबारा माह्या नावाचा हाये. पणजीनं ज्वारी द्याची रीत पाडली, ते आमी पाळतो. पण वावर कवा देलं? तुमच्यापाशी कागद हाये का?"

माझ्यापाशी उत्तर नव्हते. त्या रात्री भजनात मन लागले नाही. घरी येऊन वडिलांची लाकडी पेटी उपसली. जुन्या पोथीच्या फडक्यात एक घडी केलेला कागद निघाला. अर्धा वाळवीने खाल्लेला, अन् सगळा मोडीत. मला एक अक्षर लागेना. मोडी वाचणाऱ्या एका म्हाताऱ्या गुरुजींकडे नेला. त्यांनी भिंग लावून वाचले : लिहून देणार, लिहून घेणार, पूर्वेस नाला, पश्चिमेस पांदण... आणि वरच्या शिक्क्याजवळ दस्ताचा नंबर आणि साल. एवढेच शाबूत होते, पण एवढ्यानेच काम झाले.

फाटका कागद कामाचा नाही, रजिस्टरातली नक्कल पाहिजे. एका कचेरीत गट नंबर सांगितला, तर असा दस्तच नाही म्हणून परत पाठवले. दोन खेपा फुकट गेल्या. मग उमगले की त्या काळी गट नंबर नव्हताच, जुन्या सर्वे नंबराने शोधायला पाहिजे होते. भूमी अभिलेख कचेरीतून जुन्या-नव्या नंबरांचा मेळ काढून आणला. आणखी एक अडचण. वाशीम जिल्हा १९०५ साली मोडून आपण अकोल्यात गेलो, आणि पुन्हा जिल्हा झाला तो १ जुलै १९९८ ला. मधल्या ब्याण्णव-त्र्याण्णव वर्षांचे दप्तर कुठे वाशीमला, कुठे अकोल्याला. दोन्हीकडे फिरलो. रजिस्टर कचेरीत सूच्या असतात, एक माणसांच्या नावाची आणि एक गावाची व मिळकतीची. गावाच्या सूचीत साल धरून बोट फिरवत गेलो, आणि नंबर लागला. नक्कल हातात आली तेव्हा मी कचेरीच्या पायरीवर बसून रडलो. शेवटी लिहिले होते : निशाणी डाव्या हाताचा अंगठा.

पटवाऱ्याकडे फेरफाराचा अर्ज दिला. नोटीस निघाली, हरकतीला पंधरा दिवसांची मुदत. पणतूने हरकत घेतली आणि प्रकरण विवादग्रस्त नोंदवहीत गेले. आपल्यातले काही जण तापले, फसवणुकीची केस करा म्हणाले. म्या म्हटले, थांबा. मोडीवाले गुरुजी आणि मी त्याच्या घरी गेलो. त्याची म्हातारी आई बसली होती. गुरुजींनी नक्कल सुरुवातीपासून वाचली. आपल्या पश्चात वारसांपैकी कोणी हिस्सा मागू नये, असे आजीने लिहून दिले होते. म्हातारी म्हणाली, "माह्या सासूबाई सांगत होत्या, ते खरंच होतं." पोरगा उठून बाहेर गेला. पुढच्या तारखेला त्याने मंडळ अधिकाऱ्यासमोर हरकत मागे घेतली. सोसायटीचा बोजा त्याने आपल्या दुसऱ्या गटावर घेतला. फेरफार मंजूर झाला. आज सातबाऱ्यावर देवाचे नाव आहे आणि धर्मादाय कचेरीतही ही मिळकत आपल्या ट्रस्टच्या नावे लिहिली आहे. आता धर्मादाय आयुक्तांच्या मंजुरीशिवाय आपल्यालाही ती विकता येणार नाही, आणि ते बरेच आहे.

एक गोष्ट राहिली. त्या पोराकडे दोन वर्षांचा ठोका बाकी होता, त्याची चिठ्ठी दिंडीकडे होती. कार्तिकी एकादशीला सगळ्यांच्या संमतीने ती चिठ्ठी आम्ही नाल्यात सोडली. तेव्हा एकाने मला विचारले, "महाराज, तुकोबांनी तर कागद इंद्रायणीत बुडवले. मंग तुमी कागदासाठी अकोल्यालोक कायले हिंडले?"

म्या सांगितले ते इथे लिहून ठेवतो. तुकोबांनी बुडवले ते लोकांकडून घेणे असलेल्या कर्जाचे कागद. तेही भावाला, कान्होबाला, त्याचा अर्धा वाटा देऊन आपल्या वाट्याचे बुडवले. दुसऱ्याने देवाला दिलेल्याचा कागद त्यांनी बुडवला नाही. घेण्याचे कागद आपले असतात, ते बुडवायला मोकळीक आहे. देण्याचा कागद देणाऱ्याचा असतो, तो आपल्याकडे ठेव म्हणून असतो. त्या आजीला लिहिता येत नव्हते. तिने अंगठा दिला आणि आपल्यावर विश्वास टाकला. तो आपण पेटीत घालून वाळवीला दिला होता.

म्हणून माउलींनो, तुमच्या गावच्या देवळाचे, मठाचे, दिंडीचे वावर असेल तर या वर्षी एवढे करा. सातबारा काढा आणि नाव कोणाचे आहे ते स्वतः वाचा. मूळ कागद पाहा, नसेल तर रजिस्टर कचेरीतून नक्कल घ्या. जुना सर्वे नंबर आणि नवा गट नंबर एकाच कागदावर लिहून ठेवा. मोडी वाचणारे म्हातारे आहेत तोवर वाचून घ्या. आणि हे काम एकट्याच्या पेटीत ठेवू नका, चार घरी प्रती द्या.

आषाढीला वावराच्या धुऱ्यावरून दिंडी निघते तेव्हा आता आम्ही तिथे वीणा थांबवतो आणि त्या आजीच्या नावाने एकदा विठ्ठलनाम घेतो. पणतूही टाळ घेऊन उभा असतो. वावर यंदाही त्यालाच ठोक्याने दिले आहे.

रामकृष्ण हरि.