चाकांवरचे घर आणि पेट्रोलचा दाब

अमेरिकेतल्या जुन्या मोटरहोमचा एक दोष फार चिवट मानला जातो. कडक उन्हात, चढावर, इंजिनावर पुरता भार असताना पेट्रोलचा दाब अचानक उतरतो. गाडी गचके खाते, बंद पडते आणि थोड्या वेळाने काही झालेच नाही अशी पुन्हा सुरू होते. गॅरेजमध्ये नेली की दाब बरोबर भरतो. या लपंडावामागे एकच कारण नाही. इंजिनापर्यंत पेट्रोल पोहोचवण्याची पद्धत जशी बदलत गेली, तशी दोषाची जागाही बदलत गेली.

१९०८ साली आलेल्या फोर्डच्या मॉडेल टी गाडीत पेट्रोलचा पंपच नव्हता. टाकी पुढच्या सीटखाली असे आणि पेट्रोल स्वतःच्या वजनाने कार्ब्युरेटरकडे उतरे. टाकी अर्धवट रिकामी आणि चढ खडा असला, की कार्ब्युरेटर टाकीच्या वर जाई व इंजिन उपाशी राही. मग चालक गाडी वळवून रिव्हर्समध्ये चढ चढवत. टाकी गाडीच्या मागच्या भागात गेल्यावर ही पद्धत निरुपयोगी ठरली. १९२० च्या दशकाच्या अखेरीस इंजिनावर बसणारा यांत्रिक पंप आला आणि पुढची अनेक दशके टिकला. कॅमशाफ्टच्या फिरण्याने त्याचा पडदा खालीवर होई. कार्ब्युरेटरला लागणारा दर चौरस इंचाला साधारण ४ ते ७ पौंड दाब त्यातून मिळे.

मात्र हा पंप पेट्रोल ओढून आणणारा होता. ओढताना नळीतला दाब कमी होतो आणि दाब कमी झाला की द्रव लवकर उकळतो. पेट्रोल हे अनेक घटकांचे मिश्रण असल्यामुळे त्यातले हलके घटक इंजिनाच्या उष्णतेने नळीतच वाफ होतात. द्रवासाठी बनवलेल्या पंपाला वाफ पुढे ढकलता येत नाही. यालाच व्हेपर लॉक म्हणतात. उंचीवर हवेचा दाब कमी असल्याने घाटात हा त्रास वाढतो. पेट्रोलची ही उडून जाण्याची प्रवृत्ती मोजण्यासाठी १९३० साली रीड यांची चाचणी आली. तिच्यात ३७.८ अंश सेल्सिअसला वाफेचा दाब मोजतात. थंडीत इंजिन चटकन सुरू व्हावे म्हणून हिवाळ्यातले पेट्रोल मुद्दाम अधिक उडणारे बनवले जाते. म्हणून ऋतू पालटताना येणारे पहिले गरम दिवस सर्वांत अडचणीचे ठरत. नळीवर ओले फडके गुंडाळणे किंवा कपडे वाळत घालायचे लाकडी चिमटे लावणे, हे त्या काळचे रस्त्यावरचे उपाय. फडक्याने नळी खरोखर थंड होई, चिमट्यांचा उपयोग मात्र शंकास्पदच होता.

१९६० च्या दशकात मिशिगनच्या रे फ्रँक यांच्या डॉजच्या चॅसीवरील गाड्या आणि १९६६ पासून आयोवातल्या फॉरेस्ट सिटीच्या विनेबागोच्या गाड्या यांनी मोटरहोम मध्यमवर्गापर्यंत नेले. व्हेपर लॉकला इतकी सोयीची गाडी दुसरी नव्हती. इंजिन चालकाशेजारच्या पेटीत कोंडलेले, नळी लांबलचक, वजन प्रचंड आणि घाटातला वेग मंद, त्यामुळे उष्णतेला वाट मिळत नसे. १९७३ ते १९७८ या काळात बनलेल्या जीएमसी मोटरहोममध्ये दोन टाक्या आणि त्यांतली एक निवडणारा विजेवर चालणारा व्हॉल्व्ह होता. पंप यांत्रिकच होता. अनेक मालकांनी पुढे टाकीजवळ विजेचा पंप बसवून घेतला.

फ्युएल इंजेक्शनने हा प्रश्न बऱ्याच अंशी सोडवला. १९८७ पासून शेव्हरलेच्या ४५४ घनइंची इंजिनाला ९ ते १३ पौंड, तर १९८८ पासून फोर्डच्या ४६० घनइंची इंजिनाला त्याच्या कितीतरी पट दाब लागू लागला. टाकीत बुडवलेला पंप पेट्रोल ढकलतो. दाबाखालचे पेट्रोल सहज उकळत नाही. पण आता दाब विजेवर अवलंबून राहिला. गंजलेले अर्थिंग, तापल्यावर संपर्क सोडणारा रिले, ढिला कनेक्टर आणि अपघातात पंप बंद करणारा इनर्शिया स्विच ही नवी कारणे झाली. फोर्डच्या त्या काळातल्या काही चॅसींवर टाकीत कमी दाबाचा आणि बाहेर फ्रेमवर जास्त दाबाचा असे दोन पंप होते. टाकीतला मेला तरी बाहेरचा ओढून काम चालवी आणि उन्हात जुनेच व्हेपर लॉक परत येई.

पुढे इथेनॉलची भर पडली. १० टक्के इथेनॉल मिसळल्याने पेट्रोलचा वाफदाब सुमारे १ पौंडाने वाढतो आणि जुन्या रबरी नळ्या खराब होतात. महिनोन्‌महिने उभ्या राहणाऱ्या मोटरहोमच्या टाकीत गंज आणि रबराचे कण साचतात. चालत्या गाडीत ते पंपाच्या जाळीला चिकटतात, इंजिन थांबले की गळून पडतात. विश्रांतीनंतर गाडी आपोआप ‘बरी’ होण्याचे हे एक खरे कारण आहे. टाकीचा हवा घेण्याचा मार्ग बुजला तरी आत निर्वात तयार होऊन असेच घडते. तेव्हा झाकण उघडताच हवा सुसकारत आत शिरते.

या अनुभवातून तपासणीचा क्रम ठरला. दाबमापक लांब नळीने जोडून तो काचेबाहेर, चालकाला दिसेल असा बांधतात, म्हणजे पेट्रोल केबिनमध्ये येत नाही. मग गाडी भार देऊन चढावर चालवतात आणि त्याच वेळी पंपाला मिळणारे व्होल्टेज मोजतात. दोन्ही एकदम पडले तर दोष वायरिंग, रिले किंवा अर्थिंगमध्ये असतो. व्होल्टेज टिकून दाब पडला तर झाकण, फिल्टर, जाळी, नळ्या आणि उष्णतेची जागा हे क्रमाने पाहतात. पंप बदलायचा तर बहुतेक मोटरहोममध्ये भरलेली जड टाकी रिकामी करून खाली उतरवावी लागते. म्हणून या दोषात पंपावर संशय सर्वांत आधी येत असला, तरी त्याला हात सर्वांत शेवटी लावावा.