विल्यम ट्यूनर आणि लष्करी हवाई वाहतुकीचा विचार

अमेरिकन हवाई दलाच्या इतिहासलेखनात बाँबफेकी विमानांच्या सेनानींना जे स्थान लाभले, ते वाहतूक विमानांच्या सेनानींना लाभलेले नाही. लेफ्टनंट जनरल विल्यम ट्यूनर (१९०६-१९८३) यांची कारकीर्द या दृष्टीने विचारार्ह आहे.

ब्रह्मदेशातील रस्ता १९४२ साली जपान्यांनी तोडल्यावर चीनला रसद पोचविण्याचा मुख्य मार्ग आसामातून हिमालयाच्या पूर्वभागावरून कुनमिंगला जाणारा हवाई मार्गच उरला. ट्यूनर यांचे पूर्वाधिकारी टॉमस हार्डिन यांनी हवामानाची पर्वा न करता उड्डाणे चालू ठेवली. वाहतूक वाढली, परंतु अपघातही वाढले. जानेवारी १९४४ मध्ये दर हजार उड्डाण-तासांमागे सुमारे २ अपघात होत. सप्टेंबर १९४४ मध्ये सूत्रे हाती घेतल्यावर ट्यूनर यांनी विमानांची देखभाल टप्प्याटप्प्यांत विभागली, प्रत्येक अपघाताची चिकित्सा आरंभिली आणि लवकर स्वदेशी परतण्यासाठी वैमानिकांनी अतिरिक्त उड्डाणे करू नयेत म्हणून किमान एक वर्षाच्या सेवेचा नियम केला. जानेवारी १९४५ मध्ये अपघातांचे प्रमाण सुमारे ०.३ वर आले. जुलैमध्ये वाहतूक ७१ हजार टनांवर गेली. सुरक्षितता आणि कार्यक्षमता परस्परविरोधी नाहीत, हा या आकड्यांचा खरा अर्थ होय.

जून १९४८ मध्ये रशियाने पश्चिम बर्लिनची नाकेबंदी केली, तेव्हा हाच अनुभव उपयोगी पडला. १३ ऑगस्ट रोजी ढगाळ हवेत बर्लिनवर विमानांची गर्दी होऊन गोंधळ माजला. त्यानंतर पहिल्या प्रयत्नात न उतरलेल्या विमानाने मालासह परत जावे, असा नियम ट्यूनर यांनी घातला. एका विमानाची हानी पत्करून संपूर्ण रांग अखंड राखणे, हे त्यामागील तत्त्व होते. १६ एप्रिल १९४९ पर्यंतच्या चोवीस तासांत १,३९८ फेऱ्यांनी सुमारे १२,९४० टन माल पोचला. १२ मे रोजी नाकेबंदी उठली.

तथापि या यशाचे सर्व श्रेय एकाच व्यक्तीस देणे युक्त नव्हे. मोहिमेचा आरंभ ट्यूनर यांच्या आगमनापूर्वीच झाला होता. ब्रिटिश वैमानिक व जर्मन कामगार यांचा वाटाही मोठा होता. शिवाय रशियाने विमाने पाडण्याचा प्रयत्न केला नाही. शत्रूच्या माऱ्याखाली अशी मोहीम कितपत टिकते, हे १९४२-४३ मध्ये स्टालिनग्राड येथे वेढलेल्या जर्मन सैन्याच्या रसदीच्या अपयशावरून दिसते. म्हणून बर्लिनवरून सरसकट सिद्धान्त काढणे धोक्याचे आहे.

लष्करी वाहतुकीसाठी स्वतंत्र, खास बांधणीची विमाने हवीत, हा आग्रह मात्र ट्यूनर यांनी १९६० साली निवृत्त होईपर्यंत सोडला नाही. त्याच दशकात सी-१४१ हे जेट मालवाहू विमान सेवेत आले. शौर्याला शिस्तीची जोड दिल्यावाचून रसद पोचत नाही, ही जाणीव हाच त्यांचा वारसा होय.