चेताजाल आणि दृष्टी : साम्याचे तीन अर्थ

कृत्रिम चेताजाल आणि मेंदूतील दृष्टिव्यवस्था यांचे साम्य तीन प्रकारचे संभवते. जोडणीतील सारखेपणा ते रचनासाम्य. उत्तरांतील सारखेपणा ते फलसाम्य. चुकण्याच्या रीतीतील सारखेपणा ते दोषसाम्य.

रचनासाम्याचा उगम ऐतिहासिक आहे. चेताशास्त्रज्ञ ह्युबेल आणि वीझेल भूल दिलेल्या मांजराच्या दृष्टि-बाह्यकातील एकेका पेशीचे स्पंद नोंदवीत होते. पडद्यावरच्या ठिपक्याला पेशी दाद देईना. ठिपक्याची काचपट्टी सरकवताना तिच्या कडेची पुसट सावली पडद्यावरून गेली, आणि पेशी सलग स्पंदू लागली. तिला हवी होती विशिष्ट कलाची रेषा. हे निष्कर्ष 1959 मध्ये प्रसिद्ध झाले. रेषा नेमक्या जागीच मागणारी पेशी 'साधी', जागा थोडी ढळली तरी प्रतिसाद देणारी 'जटिल', हा भेद त्यांनी 1962 मध्ये विस्ताराने मांडला. कुनिहिको फुकुशिमा यांनी 1980 च्या निओकॉग्निट्रॉन या कृत्रिम चेताजालात याच दोन प्रकारांचे थर एकाआड एक रचले. अर्थात, जे मेंदूवरूनच घेतले ते मेंदूसारखे दिसते, हा पुरावा नव्हे.

पुरावा तो, जो रचनाकाराने आत घातला नव्हता. 2012 च्या अ‍ॅलेक्सनेट या चेताजालात पहिल्या थरातील, चित्रातील नमुने टिपणाऱ्या 96 गाळण्या आरंभी केवळ यादृच्छिक आकडे होत्या. सुमारे 12 लाख चित्रांवरील प्रशिक्षणानंतर त्यांतील अनेक कललेल्या कडा टिपू लागल्या. ह्युबेल-वीझेलांची रेषा येथे कोणी न सांगता परत आली. या विषयातील सर्वांत भक्कम साम्य मी हेच मानतो.

फलसाम्य दुर्बळ आहे, कारण बरोबर उत्तराकडे अनेक वाटा जातात. चूक मात्र वाट दाखवते. 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात मांजराच्या आकृतीवर हत्तीच्या कातडीचा पोत चढवला होता. माणसे बहुधा आकारावरून मांजर ओळखतात. प्रचलित चेताजालांचे उत्तर 'हत्ती' आले. दोषसाम्य येथे तुटते.

तुलनेला काळाचीही मर्यादा आहे. चित्रात प्राणी आहे की नाही, हा भेद मेंदूच्या विद्युत्‌लहरींत सुमारे 150 मिलिसेकंदांत उमटतो. एवढ्या अवधीत प्रवाह मुख्यतः एकाच दिशेने वाहतो, आणि साध्या चेताजालातही तो तसाच असतो. त्यापुढे मेंदूत उलटा प्रवाह प्रबळ होतो. मेंदूच्या थॅलॅमस या भागातील ज्या केंद्रातून डोळ्याचा संदेश बाह्यकाकडे जातो, तेथील चेतासंधींपैकी जेमतेम दशांश दृष्टिपटलाकडून येतात. बाह्यकाकडून परतणाऱ्या त्याहून कितीतरी अधिक आहेत.