क्रीडापटूंचे मानसिक कौशल्यप्रशिक्षण

सरावात साधलेले कसब स्पर्धेच्या क्षणी हुकमी व्हावे, या हेतूने अवधान, उत्तेजन, कल्पना आणि स्वगत या मनोव्यापारांना दीर्घ मुदतीच्या अभ्यासाने लावलेले पद्धतशीर वळण म्हणजे मानसिक कौशल्यप्रशिक्षण होय. सामन्याच्या आदल्या रात्री खेळाडूच्या पाठीवर थाप मारून दिलेला धीर हा या संज्ञेत मोडत नाही. तालमीत ज्याप्रमाणे जोर-बैठकांचा हिशेब रोजच्या रोज चुकता करावा लागतो आणि कुस्तीच्या दिवशी त्याची भरपाई कोणताही वस्ताद करून देऊ शकत नाही, त्याचप्रमाणे मनाची ही मेहनतही शांत दिवसांतच अंगी मुरवावी लागते.

या विद्येची निकड सर्वांत उघडपणे दिसते ती नेमबाजीत. दहा मीटर अंतरावरील एअर रायफलच्या स्पर्धेत दहा गुणांचा ठिपका अवघ्या अर्ध्या मिलिमीटर व्यासाचा असतो. नेमबाजाला धावायचे नसते, उडी मारायची नसते, प्रतिस्पर्ध्याशी झुंजायचे नसते. केवळ निश्चल उभे राहून चाप ओढायचा असतो, आणि तरीही श्वासाची किंचित घाई, खांद्यात चोरून शिरलेला ताण किंवा ‘हा शेवटचा नेम’ एवढा एकच विचार बंदुकीची नळी त्या ठिपक्याबाहेर नेण्यास पुरेसा होतो. कसलेल्या नेमबाजांच्या हृदयाची गती चाप ओढण्यापूर्वीच्या काही क्षणांत मंदावते, असे प्रयोगांत आढळून आले आहे. म्हणजे ज्याला आपण स्थिर हात म्हणतो, त्याच्यामागे शिकवलेले अवधान आणि शिकवलेला श्वास उभा असतो.

सरावात निर्दोष असलेला खेळाडू ऐन मोक्याच्या क्षणी का ढासळतो, याची मीमांसा रॉय बाउमाइस्टर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९८४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनात केली. दडपणाखाली मनुष्याचे लक्ष कार्यावरून उडून स्वतःवर येते, आणि हजारो आवृत्त्यांनी जी हालचाल आपोआप घडू लागलेली असते तिच्यावर तो पुन्हा नवशिक्यासारखी देखरेख करू लागतो; जिना उतरताना प्रत्येक पायरीवर पाऊल कसे पडते हे पाहू लागणाऱ्या माणसाचा पाय अडखळावा, तसाच हा प्रकार आहे. ‘लक्ष दे, जपून खेळ’ हा प्रशिक्षकाचा सद्भावनेचा उपदेश अशा वेळी घातक का ठरतो, हे यावरून ध्यानात येईल. येथे इलाज आहे तो पूर्वक्रमाचा: प्रत्येक नेमापूर्वी, प्रत्येक सर्व्हिसपूर्वी, प्रत्येक चेंडूपूर्वी ठरावीक श्वास, ठरावीक दृष्टी आणि ठरावीक शब्द यांची अशी साखळी बांधायची की, परिणामाच्या चिंतेला मनात शिरण्यास फटच राहू नये. कॅनडातील संशोधिका जोन व्हिकर्स यांनी १९९६ मध्ये बास्केटबॉलच्या फ्री थ्रोचा अभ्यास करून दाखवून दिले की, निष्णात खेळाडूची अखेरची स्थिर दृष्टी हालचालीपूर्वीच लक्ष्यावर अधिक काळ खिळलेली असते. या निरीक्षणातून दृष्टीचे स्थैर्य शिकवण्याची एक स्वतंत्र पद्धतीच पुढे निघाली.

भारतीय वाचकाला याचा सर्वांत बोधक दाखला अभिनव बिंद्रा यांच्या चरित्रात मिळतो. २००४ च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये प्राथमिक फेरीत तिसरे आलेले बिंद्रा अंतिम फेरीत सातव्या स्थानावर घसरले. आपण उभे होतो तेथील फरशी सैल होती, हे त्यांना मागाहून कळल्याचे त्यांनी ‘अ शॉट ॲट हिस्टरी’ या आत्मकथनात नमूद केले आहे. दैवाला दोष देऊन दुसरा एखादा आयुष्यभर हळहळत बसला असता. त्यांनी सैल फरशीवर उभे राहून नेमबाजीचा सराव केला, शरीराच्या व मेंदूच्या विद्युत्संकेतांवरून आपल्या मनःस्थितीचा अंदाज घेण्याची तंत्रे अभ्यासली, आणि भीतीशी परिचय व्हावा म्हणून बीजिंग ऑलिंपिकला जाण्यापूर्वी जर्मनीत एका उंच खांबावर चढण्याचे धाडसही केले. ११ ऑगस्ट २००८ रोजी ५९६ गुणांसह ते अंतिम फेरीत चौथ्या क्रमांकाने उतरले, तेव्हा चाचणीचे नेम मध्यापासून भलतीकडेच जाऊ लागले. अशा घडीला मनुष्य एकतर गोंधळतो किंवा रागावतो. बिंद्रा यांनी मोजक्या अवधीत निशाणी सारखी करून घेतली. अखेरच्या नेमापूर्वी फिनलंडचा हेन्री हेकिनेन त्यांच्या बरोबरीला होता. हेकिनेनला ९.७ गुण मिळाले, बिंद्रा यांना १०.८, एकूण ७००.५ गुणांनी भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक सुवर्णपदक निश्चित झाले. एका खेळाडूच्या यशावरून शास्त्र सिद्ध होत नाही, आणि बिंद्रा यांच्या वाट्याला आलेली साधनसामग्रीही सर्वांना लाभण्यासारखी नव्हती, हे खरे; परंतु अनपेक्षित आपत्तीची आगाऊ तालीम करता येते, एवढे तरी या उदाहरणाने निःसंशय दाखवले.

या शाखेचा इतिहास थोडक्यात असा. सोबतीने शर्यत करणारे सायकलपटू एकट्याने धावणाऱ्यांपेक्षा वेगवान का असतात, या प्रश्नावर नॉर्मन ट्रिप्लेट याने १८९८ मध्ये निबंध प्रसिद्ध केला. १९२५ मध्ये कोलमन ग्रिफिथ याने इलिनॉय विद्यापीठात क्रीडासंशोधनाची प्रयोगशाळा उभारली. ती १९३२ मध्ये बंद पडली. पुढे १९३८ मध्ये शिकागो कब्स या बेसबॉल संघाने त्याला पाचारण केले, परंतु संघव्यवस्थापकांच्या असहकारामुळे त्याच्या शिफारशी बहुतांशी दप्तरातच राहिल्या. सोव्हिएत संघात लेनिनग्राड व मॉस्को येथे या विषयाचा स्वतंत्रपणे विकास झाला, आणि १९६५ मध्ये रोम येथे आंतरराष्ट्रीय क्रीडा-मानसशास्त्र संस्था स्थापन झाली.

दडपणाखाली न ढासळणे हा या प्रशिक्षणाचा एक लाभ, तर उत्तेजनाचे नियमन हा दुसरा. १९०८ मध्ये यर्क्स आणि डॉडसन यांनी उंदरांवर केलेल्या प्रयोगांवरून असा सिद्धांत रूढ झाला की, उत्तेजन वाढत जाईल तसतशी कामगिरी एका मर्यादेपर्यंत सुधारते व त्यापुढे ढासळू लागते. हा नियम सर्वांना सरसकट लावण्यातील धोका लेनिनग्राडमध्ये काम केलेल्या युरी हानिन यांनी ओळखला: एखाद्याला उत्तम खेळासाठी अंगात आग पेटावी लागते, तर त्याच खेळातील दुसऱ्याला तळ्याच्या पाण्यासारखे स्वस्थ असावे लागते, आणि ही प्रत्येकाची स्वतःची पातळी त्याच्याच चांगल्या-वाईट दिवसांच्या नोंदींवरून मुक्रर करावी लागते. हलगीच्या कडकडाटात हौद्यात उतरणाऱ्या पैलवानाला जे पोषक, तेच तिरंदाजाला मारक ठरू शकते. ती पातळी एकदा कळली म्हणजे तेथवर पोहोचण्यासाठी दीर्घ श्वसन आणि एडमंड जेकबसन याने १९२९ च्या ग्रंथात मांडलेली क्रमशः स्नायुशिथिलीकरणाची पद्धत, ही साधी व बिनखर्चाची साधने उपलब्ध आहेत.

कल्पनाचित्रणाविषयी मात्र अतिशयोक्ती फार होते. मनातल्या मनात हालचालीची आवृत्ती केल्याने कौशल्य सुधारते, हे डेबोरा फेल्ट्झ आणि डॅनियल लँडर्स यांनी १९८३ मध्ये साठ अध्ययनांचा एकत्रित आढावा घेऊन दाखवले. मुळीच सराव न करण्यापेक्षा मानसिक सराव निश्चित बरा. तथापि मैदानावरील घामाची जागा तो घेऊ शकत नाही. त्याची खरी किंमत दुखापतीच्या सक्तीच्या विश्रांतीत, प्रवासात आणि संकटाच्या पूर्वतयारीत आहे. जलतरणपटू मायकेल फेल्प्स आपली शर्यत, तिच्यातील संभाव्य विघ्नांसह, मनात पुनःपुन्हा पोहून पाहत असत. बीजिंगमध्येच २०० मीटर बटरफ्लायच्या अंतिम शर्यतीत त्यांच्या चष्म्यात पाणी शिरून दिसेनासे झाले, तेव्हा हातांचे मारे मोजत त्यांनी १ मिनिट ५२.०३ सेकंद या विश्वविक्रमी वेळेत शर्यत जिंकली.

स्वगत म्हणजे खेळाडूने स्वतःशी बोललेले शब्द. ते त्रोटक, क्रियादर्शक आणि आधी ठरवलेले असावेत. उद्दिष्टांबाबतही निकालापेक्षा स्वतःच्या हातातील कृतीवर भर असावा, एवढे येथे नोंदवणे पुरे.

महाराष्ट्रात या विषयाला प्रतिष्ठा मिळवून देण्याचे मोठे श्रेय नाशिकचे भीष्मराज बाम यांना द्यावे लागेल. पोलीस सेवेत वरिष्ठ अधिकारपद भूषवून निवृत्त झालेल्या बाम यांनी पातंजल योगातील प्राणायाम, धारणा व ध्यान या अंगांची सांगड आधुनिक क्रीडा-मानसशास्त्राशी घातली. नेमबाज अंजली भागवत, क्रिकेटपटू राहुल द्रविड यांच्यासारख्या नामवंतांना त्यांचे मार्गदर्शन लाभले. स्वतःच्या परंपरेतील परिचित परिभाषेत सांगितलेली गोष्ट खेळाडूच्या अंगवळणी लवकर पडते, हे त्यांच्या कार्याचे मर्म होते, असे प्रस्तुत लेखकाला वाटते. १२ मे २०१७ रोजी त्यांचे निधन झाले.

पदकांखेरीज या प्रशिक्षणाचा आणखी एक लाभ आहे आणि तो अलीकडे प्रथमस्थानी आला आहे: खेळाडूचे स्वास्थ्य. टोकिओ ऑलिंपिकमध्ये २७ जुलै २०२१ रोजी जिम्नॅस्ट सिमोन बाइल्स यांनी हवेतील गिरक्यांचे भान हरपत असल्यामुळे सांघिक अंतिम फेरीतून माघार घेतली, तेव्हा पुष्कळांनी त्यांना भ्याड ठरवले. त्या क्रीडाप्रकारात असे भान सुटणे म्हणजे मान मोडण्याचा धोका, हे टीकाकारांच्या गावीही नव्हते. आपली मानसिक अवस्था वेळीच ओळखून तिचे नाव घेता येणे हेही शिकण्याजोगे कौशल्यच आहे. मात्र नैराश्य, निद्रानाश यांसारख्या विकारांची चिन्हे दिसताच प्रशिक्षकाने आपला अंमल आवरून खेळाडूला वैद्यकीय तज्ज्ञाच्या स्वाधीन करावे. बाइल्स यांनी त्याच स्पर्धेत बॅलन्स बीमवर कांस्यपदक मिळवले, आणि २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये त्यांनी तीन सुवर्ण व एक रौप्य पदक जिंकले.