खाडीपलीकडचे चार दिवस

परदेशीं गेलेल्या मनुष्यास शेजारच्या देशाचा मोह आवरत नाहीं. एवढा खर्च करून लंडनला आलोंच आहों, तर चार दिवस पॅरिसहि पाहून यावें, हा विचार काशीस गेलेल्या यात्रेकरूस गयाहि उरकावीशी वाटते तितकाच स्वाभाविक आहे. डोव्हर व कॅले यांच्यामधील समुद्र अवघा २१ मैलांचा. परंतु तो ओलांडावयास लागणारी नाव आणि लागणारी परवानगी या दोन वस्तू वेगळ्या आहेत, आणि दुसरीचा इतिहास पहिलीइतका सरळ नाहीं.

वाफेचीं जहाजें आलीं, आगगाड्या आल्या आणि प्रवास सुलभ झाला, असा आपला साधारण समज असतो. तो अर्धाच खरा आहे. १८५१ पूर्वीं इंग्लंडच्या परराष्ट्रखात्याकडून पासपोर्ट घ्यावयाचा, तर २ पौंड ७ शिलिंग ६ पेन्स मोजावे लागत. सामान्य कारागिराच्या आठवड्याच्या मजुरीहून ही रक्कम जास्त होती. शिवाय ज्या देशांत जावयाचें त्याच्या वकिलाची सही त्यावर घ्यावी लागे, ती निराळीच. म्हणून पुष्कळ इंग्रज फ्रेंच वकिलातीकडूनच परवाना मिळवीत. १८५१ सालीं फी साडेसात शिलिंगांवर आली व १८५८ सालीं दोन शिलिंगांवर.

याच सुमारास टॉमस कुक या गृहस्थानें सहलींचा धंदा आरंभिला होता. १८५५ सालीं पॅरिस येथें मोठें प्रदर्शन भरलें. तेथें मंडळी नेण्याचा त्याचा बेत होता. परंतु खाडीवरील वाहतूक ज्या कंपन्यांच्या हातीं होती, त्या सवलत देईनात. तेव्हां त्यानें हारविचहून अँटवर्प गांठलें आणि ब्रुसेल्स, कलोन, ऱ्हाइन नदीचा कांठ, स्ट्रासबुर्ग अशी प्रदक्षिणा घालून मंडळीस पॅरिसला पोंचविलें. पुढें १८६० च्या अखेरीस तिसऱ्या नेपोलियननें ब्रिटिश प्रजाजनांस पासपोर्टाची अट माफ केली. इतर राष्ट्रांनींहि हळूहळू तोच कित्ता गिरविला. १८६८ सालीं कुकनें हॉटेलचीं कूपनें काढलीं. रशिया, तुर्कस्थान अशीं थोडीं राज्यें वगळलीं, तर पुढील पन्नास वर्षें तिकीट काढावें आणि निघावें, अशी युरोपची स्थिति होती.

हें दार उघडलें गेलें तें व्यापाऱ्यांच्या व सहलवाल्यांच्या सोयीसाठीं. परंतु उघडें दार कोण कशासाठीं वापरील, हें दार उघडणाऱ्याच्या हातीं राहत नाहीं. लंडनमध्यें सरकारची नजर कडक झाल्यावर पंडित श्यामजी कृष्णवर्मा १९०७ सालीं पॅरिसला निघून गेले. त्याच वर्षीं ऑगस्टमध्यें मादाम कामांनीं जर्मनींतील स्टुटगार्ट येथें समाजवाद्यांच्या परिषदेंत हिंदी स्वातंत्र्याचें निशाण उभारिलें. पारनेरचे पांडुरंग महादेव बापट एडिंबरोस शिकावयास गेलेले. तेहि पॅरिसला गेले आणि तेथील रशियन क्रांतिकारकांपासून स्फोटकांची विद्या शिकून १९०८ सालीं परत आले. आमच्या सेनापतींच्या चरित्राला कलाटणी देणारा हा प्रवास नकाशावर पाहिला तर खाडीपलीकडचा एक फेरफटका होता.

मात्र शेजाऱ्याच्या दाराचा भरंवसा किती धरावा, याचें उत्तरहि याच काळांत मिळालें. विनायक दामोदर सावरकर १९१० च्या आरंभीं पॅरिसला जाऊन राहिले; १३ मार्च रोजीं परततांच लंडनच्या व्हिक्टोरिया स्टेशनवर त्यांस अटक झाली. ८ जुलै रोजीं मार्सेल्स बंदरांत त्यांनीं बोटींतून समुद्रांत उडी घेतली आणि फ्रान्सच्या भूमीवर पाय ठेविला. फ्रेंच शिपायानें त्यांस पकडून पुन्हां इंग्रजांच्या हवालीं केलें. वाद हेगच्या लवादापुढें गेला. २४ फेब्रुवारी १९११ च्या निकालांत या अटकेंत नियमबाह्य प्रकार घडल्याचें लवादानें मान्य केलें; परंतु ब्रिटननें कैद्यास परत द्यावयास नको, असें ठरविलें. ज्या भूमीवर पासपोर्टावांचून राहतां येत होतें, तेथें आश्रय मात्र मिळाला नाहीं. दोन सरकारांची मैत्री हाच खरा परवाना होता.

१९१४ च्या महायुद्धानें तें दारहि लावलें. १९१५ पासून ब्रिटिश पासपोर्टावर छायाचित्र आलें. युद्धापुरता म्हणून आलेला हा पाहुणा युद्ध संपल्यावर गेला नाहीं. १९२० सालीं राष्ट्रसंघानें पॅरिस येथें परिषद भरवून पासपोर्टाचा एक नमुना सुचविला, आणि त्याच सालीं हिंदुस्थानांतहि पासपोर्टाचा कायदा झाला. आतां कोणत्या देशांत जातां येईल, हें पुस्तिकेंतच लिहिलेलें असे. १९३६ च्या फेब्रुवारींत सुभाषचंद्र बोस डी व्हॅलेरांना भेटावयास आयर्लंडला गेले, ते इंग्लंड टाळून, फ्रान्सच्या किनाऱ्यावरून थेट. इंग्लंडांत त्यांचें पाऊल पडूं नये, अशी सरकारची इच्छा होती.

युरोपनें आपल्यापुरतें हें दार पुन्हां उघडलें. १४ जून १९८५ रोजीं लक्झेंबर्गमधील शेंगेन या लहानशा गांवाजवळ, मोझेल नदीवरील एका बोटींत, पांच राष्ट्रांनीं करार केला, आणि २६ मार्च १९९५ पासून त्याची अंमलबजावणी सुरू झाली. ब्रिटन त्यांत कधींच सामील झालें नाहीं. म्हणून लंडन पाहावयास गेलेल्या भारतीय कुटुंबास पॅरिससाठीं दुसरा व्हिसा लागतो, आणि तो बहुधा घरून निघण्यापूर्वींच मिळवावा लागतो. पॅरिसहून लंडनला जाऊन परत पॅरिसला यावयाचें असेल, तर शेंगेनचा व्हिसा एकाच प्रवेशाचा आहे कीं अधिक प्रवेशांचा, हेंहि पाहिलें पाहिजे. एरवीं परतीचें तिकीट हातीं असून दार बंद.

हे नियम त्रासदायक आहेत, यांत शंका नाहीं. परंतु ते कायमचे आहेत, ही समजूत इतिहासास धरून नाहीं. पन्नास वर्षें ते नव्हते आणि युरोपचें कांहीं बिघडलें नाहीं. बोटी, बोगदे व विमानें यांनीं अंतर कमी होतें. शेजार मात्र विश्वासानेंच जवळ येतो. तो विश्वास कोणावर ठेवावयाचा आणि कोणावर नाहीं, हें अजूनहि मनुष्य पाहून ठरत नाहीं. तें त्याच्या हातांतील पुस्तिकेच्या मुखपृष्ठावरून ठरतें.