बातमी कशासाठी ऐकायची?

२२ जुलै १९०८ च्या रात्री मुंबईच्या उच्च न्यायालयात न्यायमूर्ती दावर यांनी लोकमान्य टिळकांना सहा वर्षे काळ्या पाण्याची शिक्षा सुनावली. खटला ‘केसरी’तल्या लेखांवरून भरला होता. ज्यूरीतल्या सात युरोपीयांनी टिळकांना दोषी ठरवले, दोन पारशी सदस्यांनी निर्दोष. दुसऱ्या दिवसापासून मुंबईच्या गिरण्या बंद पडू लागल्या. शिक्षेच्या एकेका वर्षासाठी एकेक दिवस, असा सहा दिवसांचा संप झाला. लष्कर आले, गोळीबार झाला, माणसे मेली. तिकडे युरोपात परागंदा असलेल्या लेनिननेही या संपाची दखल आपल्या लेखात घेतली.

या प्रसंगातली एक गोष्ट सहज नजरेतून निसटते. ज्या लेखांपायी ही शिक्षा झाली, ते स्वतः वाचू शकणारे कामगार फार थोडे होते. कोकणातून आणि घाटावरून आलेल्या, चाळीच्या एका खोलीत दाटीवाटीने राहणाऱ्या या माणसांपर्यंत बातमी पोचायची ती कानावाटे. एकाने वाचायचे, बाकीच्यांनी ऐकायचे. मग प्रश्न पडतो की दिवसभर मागावर राबून आलेला माणूस रात्री बातमी ऐकायला कशासाठी बसत असेल? आणि ती ऐकून हातातली रोजी सोडून रस्त्यावर कशासाठी येत असेल?

वर्तमानपत्रे वाचल्याने माणूस जागरूक नागरिक होतो, असे आपण शाळेपासून ऐकत आलो आहोत. मराठी पत्रांचे पहिले शतक पाहिले तर हे विधान अर्धेच खरे वाटते. किती लोकांनी बातमी वाचली, यापेक्षा ती त्यांनी कोणत्या गरजेपोटी वाचली, याने पुढचे बरेच काही ठरले.

बाळशास्त्री जांभेकरांचे ‘दर्पण’ ६ जानेवारी १८३२ रोजी निघाले. एका स्तंभात इंग्रजी, दुसऱ्यात मराठी. जगात काय चालले आहे ते कळावे, नव्या विद्यांची गोडी लागावी, हा त्यामागचा हेतू होता. त्याचा वाचक शहाणा होण्यासाठी वाचत होता. त्याला मत असू शकते आणि ते चारचौघांत मांडता येते, हेच तेव्हा नवे होते. पण त्या मताचे पुढे करायचे काय? फार तर संपादकाला पत्र लिहायचे किंवा सरकारकडे अर्ज करायचा. ‘दर्पण’ १८४० मध्ये बंद पडले. चर्चेची सवय मात्र मागे राहिली.

त्यानंतर चार दशकांनी चित्र पालटले. कृष्णराव भालेकरांनी १८७७ मध्ये पुण्यात सुरू केलेले ‘दीनबंधु’ १८८० मध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईत हाती घेतले. लोखंडे जोतीराव फुल्यांचे सहकारी, आणि गिरणीतल्या नोकरीचा अनुभव असलेले. कामगाराला जगाची खबर हवीच होती, पण त्याआधी त्याला कळायला हवे होते की आठवड्याची सुटी का मिळत नाही आणि पगार कधी हातात पडणार. १८८४ मध्ये लोखंड्यांनी परळला सभा घेतली. रविवारची सुटी, दुपारी अर्धा तास विश्रांती, महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत पगार, अशा मागण्यांच्या अर्जावर ५,५०० कामगारांनी सह्या केल्या. २४ एप्रिल १८९० च्या सभेला सुमारे दहा हजार कामगार जमले आणि त्यांत दोन स्त्री कामगारही बोलल्या. १० जून १८९० रोजी रविवारची सुटी मान्य झाली. ज्याला बातमीत स्वतःचा दिवस दिसला, तो सभेला आला.

१८९६ च्या दुष्काळात हेच खेड्यांत घडले. पीक बुडाले तर सारा माफ किंवा तहकूब व्हायला हवा, दुष्काळी कामे निघायला हवीत, अशी तरतूद सरकारच्याच नियमांत होती. शेतकऱ्याला ती ठाऊक नव्हती. ‘केसरी’ने ती छापली आणि सार्वजनिक सभेच्या माणसांनी गावोगाव जाऊन समजावून सांगितली. भांडीकुंडी विकून सारा भरू नका, हा टिळकांचा सल्ला होता. या माहितीत राजद्रोहाचे काही नव्हते. तरी सरकार अस्वस्थ झाले, काही प्रचारकांवर खटले झाले आणि १८९७ मध्ये सार्वजनिक सभेची सरकारमान्यता काढून घेतली गेली. नियम माहीत असलेला शेतकरी मामलेदारासमोर वेगळ्या आवाजात बोलतो, हे सरकारने बरोबर ओळखले होते.

१९०८ चा संप या दोन्हींच्या पुढची पायरी आहे. टिळकांच्या शिक्षेने कोणाचा पगार कापला जाणार नव्हता. उलट, संप केल्याने तो बुडणार होता. इथे ऐकणाऱ्याला बातमीत आपला माणूस दिसत होता. महागाईचा आणि मुकादमाच्या जाचाचा रागही त्यात मिसळलेला असणार. तरीही दूरच्या न्यायालयातला निकाल आपल्यावरच लागला आहे असे हजारोंना वाटणे, ही मोठी घटना होती.

पण ‘आपला’ या शब्दाला एक कुंपणही असते. ३१ जानेवारी १९२० रोजी डॉ. आंबेडकरांनी ‘मूकनायक’ सुरू केले, तेव्हा पैसे देऊ करूनही ‘केसरी’ने त्याची जाहिरात छापली नाही, असे त्यांनी पुढे लिहिले आहे. ज्या पत्राने परक्या सरकारपुढे लोकांना आवाज दिला, त्याच्या ‘लोकां’त सगळे लोक नव्हते. आपलेपणाने बातमीकडे येणारा वाचक दुसऱ्याच्या बातमीला बहिरा राहू शकतो. मराठी पत्रकारितेचा गौरव करताना हा हिशेब वगळून चालणार नाही.

‘मूकनायक’ फार टिकले नाही. २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी हजारो अस्पृश्यांनी प्यायले, आणि ३ एप्रिलला ‘बहिष्कृत भारत’चा पहिला अंक निघाला. हा क्रम लक्षात घेण्याजोगा आहे. एरवी आधी बातमी आणि मग कृती, असे आपण धरून चालतो. इथे पाऊल आधी पडले. तळ्यावर जाऊन आलेल्या, त्यापायी मार खाल्लेल्या माणसाला पुढे काय झाले ते कळणे भाग होते. विरोधक काय म्हणतात, त्याला आपले उत्तर काय, पुन्हा केव्हा जमायचे, हे सारे त्याला हवे होते. सहभागाने त्याला बातमीची गरज लावली होती.

आज बातमीचा तुटवडा नाही. खिशातला फोन दर मिनिटाला ती आणून देतो आणि आपण करमणूक म्हणून, सवय म्हणून, कधी नुसता संताप जागता ठेवण्यासाठी ती पाहतो. आपण किती जाणतो, हे मोजणे सोपे आहे. परळच्या अर्जावर सही किंवा अंगठा उमटवणाऱ्या कामगाराला आपल्याइतके ठाऊक नव्हते. पण त्या ऐकलेल्या गोष्टीचे पुढे काय करायचे, ते त्याला ठाऊक होते.