शांतिनिकेतन : एका अतिथिगृहाचा इतिहास

मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी अंकात पाहुणचाराविषयी चार शब्द लिहावेत, हे वावगे ठरू नये. परप्रांतात स्थिरावलेल्या आपल्या समाजाने दोन्ही भूमिका निभावल्या आहेत. प्रथम पाहुण्याची, पुढे यजमानाची. म्हणूनच या निमित्ताने बंगालमधील एका लहानशा विद्याग्रामाची कथा आठवते.

शांतिनिकेतन हे नाव आज विद्यापीठाचे व गावाचे म्हणून सर्वतोमुखी आहे. परंतु मुळात ते एका घराचे नाव होते. महर्षी देवेंद्रनाथ ठाकूर यांनी १८६३ साली बोलपूरनजीक वीस बिघे माळरान कायमच्या पट्ट्याने घेतले आणि तेथे अतिथिगृह बांधले. १८८८ साली न्यासपत्र करून त्यांनी ही वास्तू ईश्वरचिंतनासाठी येणाऱ्या सर्वांना खुली केली आणि दरवर्षी मेळा भरविण्याची तरतूद केली. त्याच पत्रात त्यांनी अटीही घातल्या. येथे मूर्तिपूजा होऊ नये, मद्यमांस सेवन करू नये, कोणत्याही धर्माची निंदा करू नये. दार सताड उघडे, परंतु उंबरठ्यावर नियम कोरलेले, असे हे स्वागत होते. या न्यासपत्रास अनुसरून १८९४ पासून पौष महिन्यात मेळा भरू लागला. १९०१ साली रवींद्रनाथांनी येथे अवघ्या पाच विद्यार्थ्यांनिशी ब्रह्मचर्याश्रम सुरू केला आणि १९२१ साली विश्वभारतीची स्थापना झाली. साऱ्या विश्वाचे एक घरटे व्हावे, हे तिचे ब्रीद.

जगाला घरटे देऊ पाहणाऱ्या या कवीने तरुणपणी एका मराठी घराचा पाहुणचार घेतला होता, ही गोष्ट आपणांस विशेष जिव्हाळ्याची वाटेल. १८७८ साली विलायतेस जाण्यापूर्वी सतरा वर्षांचे रवींद्रनाथ मुंबईस डॉ. आत्माराम पांडुरंग तर्खडकर यांच्याकडे राहिले. प्रार्थना समाजाच्या या संस्थापकांची कन्या अन्नपूर्णा हिने त्यांना इंग्रजी संभाषणाचे व पाश्चात्य रीतिरिवाजांचे धडे दिले. रवींद्रनाथांनी तिला ‘नलिनी’ हे नाव दिले. पुढे मराठी माणसे शांतिनिकेतनात गेली. पंडित भीमराव शास्त्री यांनी तेथे संगीत शिकविले. विनायकराव मासोजी नंदलाल बसूंपाशी चित्रकला शिकून कलाभवनात अध्यापक झाले. १९१५ साली गांधीजी आश्रमात आले तेव्हा काकासाहेब कालेलकर तेथेच होते. १९७० साली पु. ल. देशपांडे पन्नाशीत बंगाली शिकण्यासाठी तेथे जाऊन राहिले, आणि त्यातून ‘वंगचित्रे’ हे पुस्तक मराठीला लाभले.

या गावी ना मोठे तीर्थक्षेत्र, ना किल्ला, ना समुद्र. मग प्रवासी येतो तो कशासाठी? तो येतो एक जीवनक्रम पाहण्यासाठी. झाडाखाली भरणारे वर्ग, १८९१ सालचे काचेचे उपासनागृह, उत्तरायणातील ‘श्यामली’ हे मातीचे घर, रामकिंकर बैज यांचे उघड्यावर उभे असलेले संथाळ कुटुंबाचे शिल्प, हे सारे कोणाच्या तरी नित्याच्या वावराचा भाग म्हणून घडले आहे. उत्सवप्रसंगी जमिनीवर आलपना रेखाटतात. आपल्या रांगोळीची ती बहीणच. पौषमेळ्यात बाउलांची गाणी होतात, आसपासच्या खेड्यांतील कारागीर माल मांडतात. १९२२ साली सुरूल येथे आरंभ झालेल्या श्रीनिकेतनाने बाटिक व चामड्याच्या कलाकुसरीला प्रतिष्ठा दिली, आणि पाहुण्याच्या पिशवीतून ती देशभर गेली.

तथापि, ज्या जीवनक्रमाच्या ओढीने माणसे येतात, तोच गर्दीने विस्कटू लागतो, ही या गावाची खरी अडचण आहे. मेळ्याच्या कचऱ्याचा व प्रदूषणाचा प्रश्न राष्ट्रीय हरित लवादापर्यंत गेला. महामारीमुळे २०२० साली पौषमेळा भरला नाही. पुढील खंडानंतर २०२४ साली विद्यापीठ व न्यास यांनी तो पुन्हा भरविला. वसंतोत्सवाचे दार तर विद्यापीठाने काही वर्षे आपल्या परिवारापुरतेच ठेवले. मधल्या काळात, १७ सप्टेंबर २०२३ रोजी, युनेस्कोने शांतिनिकेतनला जागतिक वारसास्थळांच्या यादीत स्थान दिले. साहजिकच ओघ आणखी वाढणार.

दार लावून घेतले म्हणून बोलपूरच्या रिक्षावाल्याला, कांथा टाके घालणाऱ्या स्त्रीला वा बाउलाला पोट भरता येत नाही. आणि दार नुसते उघडे टाकले तर आत पाहण्यासारखे काही उरत नाही. या पेचाचे उत्तर महर्षींच्या न्यासपत्रातच आहे असे मला वाटते. सर्वांना बोलवावे, परंतु घराची रीत पाहुण्यानेही पाळावी. पाहुणा घराच्या रीतीत सामावला म्हणजे तो परका राहत नाही. तर्खडकरांच्या घरी सतरा वर्षांच्या रवींद्रनाथांनी हेच केले असेल. परगावी रुजताना आपल्या वाडवडिलांनीही हेच केले. पुढे कधी बोलपूर स्थानकावर उतराल, तेव्हा प्रेक्षक म्हणून न जाता पाहुणे म्हणून जा. त्या घराला अशाच माणसांची प्रतीक्षा आहे.